मनावर घेणे आणि मनाला लागणे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या विद्यार्थ्यांना अपयश पचवता येत नाही, टीका सोसत नाही, चौघांत मिळून काम करायचे म्हटले की लगेच खटके उडतात, ही तक्रार हल्ली शिक्षक, पालक आणि नोकरी देणारे असे सगळेच करतात. तक्रार पूर्ण खरी असो वा अर्धवट, तिच्यावरचा उपाय मात्र ठरून गेलेला दिसतो. वर्षातून एकदा सभागृह भरवायचे, बाहेरून वक्ते बोलवायचे, त्यांनी दोन तास भावनांच्या व्यवस्थापनावर बोलायचे, शेवटी सर्वांना प्रमाणपत्रे वाटायची आणि वार्षिक अहवालात एक ओळ वाढवायची. गेली सव्वीस वर्षे मी पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते आहे आणि अशा सभागृहांत मागच्या रांगेत मीही अनेकदा बसले आहे. विद्यार्थी भावनिकदृष्ट्या खरोखर काही शिकतो ते कुठे आणि कसे, याचा शोध आपण भलत्याच जागी घेत आहोत असे मला आता ठामपणे वाटते, म्हणून हे पत्र.

आपल्या भाषेत दोन वाक्प्रचार आहेत, ‘मनावर घेणे’ आणि ‘मनाला लागणे’. एखादे काम मनावर घेतले म्हणजे ते आपले झाले. एखादी गोष्ट मनाला लागली म्हणजे ती आत कुठेतरी टोचून गेली. या दोन्हींचा संबंध वर्गात रोज दिसतो. ज्याने काम मनावर घेतलेलेच नसते, त्याला त्यातले काही मनाला लागत नाही. प्रकल्प फसला तर फसला, सादरीकरणात चूक निघाली तर निघाली, सहकाऱ्याने अंग काढून घेतले तरी याचे काही अडत नाही, कारण यानेही अंग आधीच काढून घेतलेले असते. अशा मुलाला राग, लाज, मत्सर, निराशा किंवा अगदी रास्त अभिमान यांचे काय करायचे, हे शिकण्याची वेळच येत नाही. त्याला भावना नसतात असे मुळीच नाही. त्या अभ्यासाच्या कामात उतरलेल्या नसतात, एवढेच. म्हणून सहभागाचा प्रश्न आणि भावनिक शिक्षणाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न म्हणून हाताळता येतील असे मला वाटत नाही.

सहभाग म्हणजे काय, याचे उत्तर संशोधनाने बरेच आधी दिलेले आहे. अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये असे मांडले की विद्यार्थी आपल्या शैक्षणिक अनुभवात जेवढी शारीरिक आणि मानसिक ऊर्जा ओततो, तेवढा त्याचा सहभाग. पुढे २००४ मध्ये जेनिफर फ्रेडरिक्स, फिलिस ब्लूमेनफेल्ड आणि ॲलिसन पॅरिस यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि सहभागाच्या तीन बाजू वेगळ्या करून दाखवल्या. पहिली वर्तनाची : विद्यार्थी येतो का, काम पूर्ण करतो का. दुसरी भावनेची : त्याला त्या वर्गाविषयी, त्या माणसांविषयी, त्या विषयाविषयी काय वाटते. तिसरी विचाराची : अवघड गोष्ट समजून घेण्यासाठी तो आपणहून झटतो का. आढावा शालेय शिक्षणाविषयी असला तरी ही विभागणी पदवीच्या वर्गालाही चपखल लागू पडते. आपल्या संस्था यांतली केवळ पहिली बाजू मोजतात, कारण ती मोजायला सोपी आहे. हजेरीपटावर खूण करता येते. मनावर घेतल्याची खूण करायला रकाना नाही. मी स्वतः संख्याशास्त्राची शिक्षिका असल्याने मोजण्याविषयी मला आदरच आहे, पण जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याची चूक माझ्या विषयात पहिल्याच वर्षी दुरुस्त केली जाते, ती संस्थांच्या कारभारात मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते.

एक प्रसंग सविस्तर सांगते. विद्यार्थ्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील गाळले आहेत.

दुसऱ्या वर्षाच्या चौघांच्या गटाला मी एक छोटे सर्वेक्षण दिले होते. संध्याकाळी अभ्यासिका कोण वापरते, किती वेळ, कशासाठी, एवढाच विषय. साठ प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या, प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा. गटातली एक मुलगी ही उत्तरे संगणकात भरत होती. भरता भरता तिच्या लक्षात आले की एका मित्राने आणलेल्या पंधरांपैकी अकरा कागदांवर बरोबरच्या खुणा एकाच तिरप्या वळणाच्या आहेत, वयाच्या रकान्यात वीस, एकवीस, वीस, एकवीस असे आळीपाळीने आकडे आहेत आणि शेवटचा ‘आणखी काही सांगायचे आहे का’ हा प्रश्न अकराही ठिकाणी कोरा आहे. खऱ्या माणसांची उत्तरे इतकी नीटनेटकी कधीच नसतात. तिने दोन दिवस कोणाला काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मोबाइलवरच्या गटात भांडण झाले, आणि चौथ्या दिवशी चौघे माझ्या खोलीच्या दाराशी उभे होते. तेही एकत्र नाही. दोघे इकडे, दोघे तिकडे.

याच्या नऊ वर्षे आधी एका दुसऱ्या संस्थेत शिकवत असताना जवळपास असाच प्रकार माझ्यासमोर आला होता. त्या वेळी मी त्या गटाची फाइल बाजूला ठेवली, सगळ्यांना शून्य गुण दिले आणि प्रामाणिकपणावर पाच मिनिटे बोलले. नियमानुसार मी बरोबर होते. ते विद्यार्थी पुढे चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाले, पण वर्गात त्यांच्यापैकी कोणीही पुन्हा हात वर केला नाही आणि मुळात ते खोटे का केले गेले हे मला आजतागायत कळलेले नाही. ती चूक माझी होती, आणि ती माझ्या मनाला लागून राहिली होती, म्हणूनच या वेळी मी निकाल देण्याची घाई केली नाही.

पुढचा तास मोकळा होता. मी चौघांना बसवले आणि एवढेच म्हटले, “गुणांचे मी नंतर बघेन. आधी काय झाले ते प्रत्येकाने आपापल्या बाजूने सांगा. मध्ये कोणी बोलायचे नाही.” तो मुलगा प्रथम म्हणाला की वेळ नव्हता. कोणीच काही बोलले नाही. बराच वेळ गेल्यावर गटातल्या दुसऱ्या मुलीने अगदी साध्या आवाजात विचारले, “तू पहिला कागद कुणाला दिला होतास?” मग त्याने सांगितले. पहिल्या माणसाने पुस्तकातून मान वर केली नव्हती. दुसऱ्याने हातानेच ‘नंतर’ असे खुणावले होते, आणि शेजारी बसलेले दोघे हसले होते. कसेबसे चार कागद त्याने ओळखीच्यांकडून भरून घेतले आणि उरलेले अकरा घरी बसून स्वतःच भरले. “परत कुणासमोर जाऊन उभे राहायचे माझ्याच्याने होईना,” असे तो म्हणाला. तोपर्यंत आम्ही सगळे ज्याला आळस किंवा लबाडी समजत होतो, तिच्या तळाशी लाज होती.

जिने चूक पकडली होती ती मुलगी म्हणाली, “मला कागदांचा राग आलाच नव्हता. दोन दिवस हे मी एकटीच मनात घेऊन फिरत होते, तुला सांगू की मॅडमना सांगू हे कळत नव्हते, त्याचा राग आला.” हे तिला स्वतःलाही बोलता बोलताच उमगले असावे, कारण ती मध्येच थांबली. चौथा मुलगा, जो पहिल्यापासून ‘जाऊ द्या, चालवून घेऊ’ म्हणत होता, त्याने कबूल केले की आपल्याला कोणाचीही भांडणे सहन होत नाहीत, म्हणून आपण नेहमी असेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा आणि ‘पहिला कागद कुणाला’ हे विचारणारी मुलगी असे दोघे मिळून अभ्यासिकेत गेले. नऊ नव्या प्रश्नावल्या मिळाल्या. अहवाल साठऐवजी अठ्ठावन्न उत्तरांवर लिहिला गेला, आणि पद्धतीच्या परिच्छेदात अकरा प्रश्नावल्या रद्द केल्याचे व का केल्याचे त्यांनी स्वतःहून लिहिले. त्या मुलाचे गुण मी कापले, कारण खोटे ते खोटेच, आणि त्यानेही त्याबद्दल तक्रार केली नाही.

आता या तासाभरात काय शिकले गेले ते पाहा. पीटर सालोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी कल्पना मांडली, तिच्यात स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणे, त्यांच्यातला फरक जाणणे आणि त्या जाणिवेचा उपयोग विचाराला व कृतीला दिशा देण्यासाठी करणे, हे गाभ्याचे मानले आहे. रागाखाली एकटेपणा आहे हे ओळखणे, लबाडीखालची लाज दिसणे, भांडण टाळणे म्हणजे समजूतदारपणा नव्हे हे स्वतःविषयी कळणे, या तिन्ही गोष्टी त्या खोलीत घडल्या, आणि कोणत्याही वक्त्याने त्या पडद्यावर दाखवल्या नव्हत्या. भावनेला नेमके नाव देण्याचा परिणाम मेंदूतही दिसतो. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना मेंदूतल्या अमिग्डाला या, धोक्याची जाणीव करून देणाऱ्या भागाची प्रतिक्रिया मंदावते. ‘राग आला’ इथपासून ‘एकटी पडले त्याचा राग आला’ इथपर्यंतचा प्रवास लहान दिसतो, पण त्यानंतर तिचा आवाज उतरला हे मी समोर बसून पाहिले आहे.

हे सर्व शक्य झाले ते केवळ त्या चौघांनी ते सर्वेक्षण मनावर घेतले होते म्हणून. त्या मुलीने आकडे डोळे झाकून भरले असते तर तिला काही दिसले नसते, आणि दिसले असते तरी तिचे काही अडले नसते. राइनहार्ड पेक्रून या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अभ्यासाशी निगडित भावनांविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याचा आशय असा की विद्यार्थ्याला त्या कामाचे मोल किती वाटते आणि ते आपल्या हातात किती आहे असे वाटते, या दोन गोष्टींवर त्याच्या भावना ठरतात. मोल वाटते पण ते हातात आहे की नाही याची खात्री नाही, तर चिंता. मोलच वाटत नाही, तर कंटाळा. आपल्या वर्गांत चिंता आणि कंटाळा या दोनच भावना ओसंडून वाहताना दिसतात, याचा अर्थ मुलांना एक तर कामात काही मोल दिसत नाही किंवा ते आपल्या हातचे वाटत नाही. या दोन्ही गोष्टी काम कसे दिले जाते त्यावर अवलंबून असतात, आणि त्या बदलणे शिक्षकाच्या आवाक्यातले आहे.

वयाचाही विचार करायला हवा. आर्थर चिकरिंग यांनी १९६९ मध्ये पदवीच्या वयातील विकासाच्या सात दिशा सांगितल्या. भावना हाताळायला शिकणे ही त्यांतली एक, आणि स्वतःच्या पायावर उभे राहता राहता एकमेकांवर विसंबणेही स्वीकारणे ही दुसरी. जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये अठरा ते पंचविशीच्या या काळाला स्वतंत्र टप्पा मानावे अशी मांडणी केली, कारण या वयात माणूस ना पुरता किशोर असतो ना पुरता प्रौढ. वागण्याला लगाम घालणाऱ्या, पुढचा विचार करणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. म्हणजे ज्या तीन-चार वर्षांत ही मुले आमच्या हाती असतात, ती भावनिक शिक्षणाच्या दृष्टीने संपलेली वर्षे नसून ऐन कामाची वर्षे आहेत. ‘शाळेतच हे संस्कार व्हायला हवे होते’ असे म्हणून हात झटकणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी मी या एका मुद्द्यावर नेहमी वाद घालते.

कार्यशाळांबद्दल मी वर जे म्हटले, ते केवळ माझे वैयक्तिक मत नाही. कॉलीन कॉन्ली, जोसेफ डर्लक आणि अलेक्झांड्रा कर्श यांनी २०१५ मध्ये उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या १०३ उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. मानसिक त्रास उद्भवण्याआधीच सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी योजलेले हे उपक्रम होते. ज्यांत कौशल्य शिकवून ते कोणाच्या तरी देखरेखीखाली प्रत्यक्ष करून घेतले होते, त्यांचा परिणाम ठळकपणे दिसला. ज्यांत केवळ माहिती दिली होती त्यांचा परिणाम अगदी तोकडा होता. विशेष म्हणजे, कौशल्य शिकवले पण देखरेखीखाली सराव करून घेतला नाही, तेव्हाही परिणाम माहिती देण्याइतकाच तोकडा राहिला. मला यातला ‘देखरेखीखाली’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. मुलांना गट करून द्यायचे आणि ‘तुमचे तुम्ही निस्तरा’ म्हणायचे, यालाही आपण सहभाग म्हणतो, पण त्यातून मुले बहुधा एवढेच शिकतात की जो जास्त ओरडतो त्याचे चालते, किंवा सगळे काम एकीने ओढायचे आणि नावे चौघांची लागायची. गटकार्याचा हा अनुभव कित्येक विद्यार्थ्यांनी माझ्याकडे डोळ्यांत पाणी आणून सांगितला आहे. गुंतलेल्या मुलाला जेव्हा एखादी गोष्ट मनाला लागते, त्या क्षणी जवळ कोणी नसेल, तर तो पुढच्या वेळी मनावर घेणेच सोडून देतो. तोही एक प्रकारचा भावनिक धडाच असतो, आणि तो फार पक्का बसतो.

न गुंतण्याची आणि भावना दाबून ठेवण्याची किंमतही अभ्यासली गेली आहे. संजय श्रीवास्तव, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये महाविद्यालयात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला. जे आपल्या भावना चेहऱ्यावर न दाखवता गिळून टाकत होते, त्यांना पहिल्या सत्राच्या अखेरीस इतरांकडून मिळणारा आधार कमी होता आणि जवळीकही कमी जाणवत होती. ‘कुणाला काही कळू द्यायचे नाही’ हा धीराचा मार्ग समजून जो मुलगा पहिल्या वर्षात वावरतो, तो नेमका आधाराच्या काळात आधाराला मुकतो. अशी मुले वर्गात त्रास देत नाहीत, हजेरीही नीट लावतात, म्हणून आम्हा शिक्षकांच्या नजरेतून ती सर्वांत सहज सुटतात.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सहभाग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठावर बोलणारी, स्नेहसंमेलन चालवणारी, चार समित्यांवर असणारी मुले येतात. मग जी मुले लांबून प्रवास करून येतात, जी तास संपताच कामावर जातात, घरची जबाबदारी सांभाळतात किंवा स्वभावानेच अबोल असतात, त्यांनी भावनिक शिक्षण कुठून घ्यायचे? व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ पासून, शिक्षण अर्धवट सुटण्यामागे विद्यार्थ्याचे संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनाशी न जुळणे असते, ही मांडणी केली. तिच्यावर नंतर अशी टीका झाली की यात विद्यार्थ्यानेच आपले मूळ बाजूला सारून संस्थेत मिसळावे असे गृहीत धरले आहे. ही टीका मला पटते. चार समित्यांवर राबणारी मुलगी अनेकदा गुंतलेली नसून दमलेली असते, आणि मागच्या बाकावर न बोलता बसलेल्या मुलाच्या वहीच्या समासात तीन उत्तम प्रश्न लिहिलेले मी पाहिले आहेत. म्हणून सहभागाची जागा मुळात रोजचा वर्ग हीच असली पाहिजे, कारण सर्वांच्या वाट्याला येणारी वेळ ती एवढीच.

रोजचा वर्ग बदलता येतो याला भक्कम आधार आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचे विश्लेषण केले. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवतात, चर्चा करतात अशा वर्गांत ते २१.८ टक्के होते. हे गुणांचे आकडे आहेत, भावनांचे नव्हेत, हे मान्य. पण २०२० मध्ये एली थिओबाल्ड यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात असे दिसले की अशा वर्गांत, ज्या समाजघटकांतले विद्यार्थी या विषयांत कमी आढळतात त्यांची इतरांशी असलेली परीक्षेच्या गुणांमधली दरी सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. त्याचे कारण म्हणून अभ्यासकांनी डोके आणि हृदय अशी जोडी मांडली आहे : जाणीवपूर्वक करून घेतलेला भरपूर सराव, आणि त्याच्या जोडीला ‘तू इथला आहेस, तुला हे जमेल’ असा विश्वास देणारे वर्गातले वातावरण. यांपैकी एकच असून भागत नाही. निव्वळ मायेने सांख्यिकी येत नाही, आणि निव्वळ सरावाने घाबरलेला मुलगा फळ्यापाशी येत नाही.

हे वातावरण फार मोठ्या गोष्टींनी बनते असे नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभराच्या एका कार्यक्रमात वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले होते. ‘आपण इथले नाही’ असे सुरुवातीला बहुतेकांना वाटते आणि ते पुढे कमी होते, एवढाच त्यांचा आशय. मग त्यांनी आपला स्वतःचा अनुभव त्या नजरेने पाहून लिहायचा होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्याचा चांगला परिणाम पुढची तीन वर्षे दिसत राहिला. हा कार्यक्रमही तासाभराचाच, मग सभागृहातल्या व्याख्यानाला मी नावे का ठेवते? कारण इथे विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे होते, स्वतःविषयी लिहायचे होते, आणि ते पुढच्या मुलांच्या उपयोगी पडेल असे त्याला सांगितलेले होते. तो श्रोता नव्हता.

माझ्या वर्गातली एक लहानशी सवय सांगते. फळ्यावर गणित चुकले की पूर्वी मी पटकन पुसून टाकत असे. आता पुसत नाही. ‘इथे माझे चुकले, कुठे ते शोधू या’ असे म्हणून थांबते. पहिल्या आठवड्यात मुले खाली बघतात, त्यांना माझीच लाज वाटते. महिनाभरात कोणीतरी मागून म्हणते, “मॅडम, तिसऱ्या ओळीत.” आणि साधारण त्याच सुमारास, आपले उत्तर चुकले तर वही झाकून घेणारे हात कमी होतात. याला मी संशोधन म्हणणार नाही, पण चूक झाल्यावर माणूस कसा उभा राहतो हे मुले समोरच्या माणसाकडे पाहून शिकतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

दोन गोष्टींबाबत गैरसमज होऊ नये. एक, गंभीर नैराश्य, आत्मघाताचे विचार, दीर्घकाळची अस्वस्थता यांवर गटकार्य हा उपाय नव्हे. तिथे प्रशिक्षित समुपदेशक आणि डॉक्टरच हवेत, आणि ते पुरेशा संख्येने हवेत. शिक्षकाने तिथे स्वतःच्या हुशारीवर जाऊ नये, विद्यार्थ्यासोबत त्यांच्या दारापर्यंत जावे. दुसरी, भावनिक शिक्षणाला गुण आणि श्रेयांक देण्याची जी टूम निघू पाहते आहे, तिला माझा पूर्ण विरोध आहे. ज्या दिवशी संवेदनशीलतेला दहापैकी गुण मिळू लागतील, त्या दिवशी मुले संवेदनशील दिसण्याचा सराव करू लागतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

मग करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक सत्रात किमान एक काम असे असावे की जे खरे आहे, ज्याचे उत्तर शिक्षकालाही आधी माहीत नाही आणि जे एकट्याने होणार नाही. गट चार-पाच जणांचे असावेत आणि सत्रभर तेच राहावेत, म्हणजे खटका उडाला की गट बदलून घेण्याची पळवाट उरणार नाही. काम मध्यावर असताना, म्हणजे साधारण जेव्हा ते अडते तेव्हा, शिक्षकाने प्रत्येक गटासोबत एकदा तरी पाऊण तास बसावे आणि कामापेक्षा आधी माणसांची विचारपूस करावी. शेवटी प्रत्येकाने अर्धे पान लिहावे : कुठे अडलो, तेव्हा काय वाटले, मग काय केले. हे पान तपासू नये, त्याला गुण देऊ नयेत, पण शिक्षकाने ते वाचून त्यावर दोन ओळी लिहून परत करावे. या दोन ओळींचे मोल मला एका माजी विद्यार्थिनीने कळवले. पदवीनंतर सहा वर्षांनी ती भेटायला आली तेव्हा ते पान तिने जपून ठेवलेले होते. त्यावर मी काय लिहिले होते ते मला आठवतही नव्हते.

यातली खरी अडचण वेळेची आहे, आणि ती शिक्षकाच्या इच्छेवर सोडून चालणार नाही. एका वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी असतील, तर पंचवीस गट होतात आणि त्यांच्याशी पाऊण पाऊण तास बोलायला जवळपास एकोणीस तास लागतात. हे तास आज कोणत्याही कार्यभारात धरले जात नाहीत. शिक्षकाने व्याख्यान दिले तर तो तास मोजला जातो; चार रुसलेल्या मुलांसोबत तो बसला तर तो त्याचा छंद समजला जातो. जे शिक्षक तरीही बसतात ते आपली संशोधनाची, घरची, विश्रांतीची वेळ त्यात घालतात, आणि काही वर्षांनी थकून थांबतात. मीही मध्ये दोन वर्षे थांबले होते.

वृत्तपत्रे महाविद्यालयांविषयी लिहितात तेव्हा निकालाची टक्केवारी, मानांकन आणि नोकरीच्या मुलाखतींचे आकडे छापतात. आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की त्यांच्या जोडीला प्रत्येक संस्थेला आणखी एक प्रश्न विचारावा. एका सत्रात शिक्षक विद्यार्थ्यांच्या लहान गटांसोबत किती तास बसतात, आणि ते तास त्यांच्या कार्यभारात धरले जातात का? उत्तरे मिळतील तशी, कोरी राहिली तर कोरीच, छापावीत.

आपली विश्वासू,
पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवणारी एक प्राध्यापिका